जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट पुटींचे वर्गीकरण : एक ऐतिहासिक आढावा

सागरी स्तरांचे वय ठरविताना डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सजीवांच्या जीवाश्म पुटींचा आधार घेतला जातो. तथापि त्यांपैकी बहुसंख्य पुटींची खरी ओळख पटण्यास शतकाहून अधिक काळ लागला. प्रस्तुत लेखात त्यामागील कारणांचा शोध घेतला आहे.

१८३० च्या दशकात बर्लिनचे निसर्गवैज्ञानिक एरेनबेर्ग यांनी चकमकीच्या दगडाच्या कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. स्पष्ट पट्टिका असलेले जीवाश्म त्यांनी डायनोफ्लॅजेलेटांत गणले. काटेरी गोल मात्र ‘झँथिडियम’ या हरित शैवालाच्या प्रजातीत घातले. पुढे या गोलांना साळिंदरावरून ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ हे नाव रूढ झाले. वर्गीकरणाचा आधार काटे हाच राहिला.

१९६१ मध्ये विल्यम एव्हिट यांनी पुटीच्या भित्तिकेतील छिद्राकडे लक्ष वेधले. हे छिद्र म्हणजे मोडतोड नसून पेशी बाहेर पडण्याचे निश्चित द्वार, अर्थात ‘आर्किओपाइल’ होय; त्याचा आकार व स्थान मूळ पट्टिकांशी जुळते, हे त्यांनी दाखविले. अनेक पुटींतील काट्यांची मांडणीही त्याच पट्टिकांना अनुसरते. ज्यांचे नाते ठरत नव्हते, त्यांच्यासाठी १९६३ मध्ये त्यांनी ‘ॲक्रिटार्क’ हा गट सुचविला. त्याच दशकात वॉल व डेल यांनी जिवंत पुटी प्रयोगशाळेत वाढविल्या, तेव्हा ‘स्पिनिफेराइट्स’ प्रकारच्या पुटीतून ‘गोनिऑलॅक्स’ बाहेर आला. एकाच सजीवाला दोन नावे मिळाली, ती अशी.

सारांश, दृष्टीत भरणाऱ्या काट्यांपेक्षा दुर्लक्षित छिद्र अधिक बोलके ठरले. अवयवाचे कार्य उमगल्यावरच वर्गीकरणाला स्थिर पाया लाभला.