क्लॅक्टनचा दंगा आणि त्याचे भाष्यकार

सन १९६४ मधील ईस्टरची सुटी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्लॅक्टन या लहानशा गावी थंडीपावसात गेली. गिऱ्हाइकावाचून दुकानदार कंटाळले होते आणि करमणुकीवाचून लंडनहून आलेली पोरे. त्यातून तरुणांची मारामारी झाली, काचा फुटल्या, समुद्रकाठच्या काही खोपी मोडल्या. पोलिसांनी ९७ जणांना धरले. नुकसान मात्र सुमारे ५०० पौंडांचेच. तरीही दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे वाचणारास गाव शत्रूच्या हाती पडले असे वाटावे! नेटका सूट आणि इटालियन स्कूटर यांचे शौकीन ते 'मॉड', कातडी जाकीट व मोटरसायकलवाले ते 'रॉकर', ही विभागणी त्यानंतरच घरोघर माहीत झाली.

अशा पोरांचा उलगडा तोवर त्यांच्या घरात नि वस्तीत शोधला जाई. अमेरिकन पंडित आल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये सांगितले की, शाळेच्या मोजमापात उणी ठरलेली कामकरी वर्गाची मुले ते मोजमापच उलटे करून टोळीत मान मिळवितात. विचार मोलाचा खरा. पण क्लॅक्टनपुढे तो अपुरा पडतो. स्टॅन्ली कोहेन (आडनाव तेच, वाट निराळी) यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात पोरांइतकेच संपादक, न्यायाधीश आणि पोलीसही तपासणीस घेतले. भडक वृत्ते, वाढीव बंदोबस्त, कडक शिक्षा आणि त्यामुळे पुढच्या सुटीला जमणारी अधिक मोठी गर्दी, असे हे रहाटगाडगे त्यांनी दाखविले. आपल्यासारख्या अहवाल लिहिणाऱ्या मंडळींनी हे प्रकरण जरा सावकाश वाचावे. 'परिस्थिती गंभीर' हे दोन शब्द या लेखकानेही वरिष्ठांच्या समाधानासाठी एकदा लिहिले आहेत. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त आला आणि तो पाहावयास गर्दी जमली.

१९६४ मध्येच बर्मिंगहॅम विद्यापीठात सांस्कृतिक अभ्यासाचे केंद्र निघाले. तेथील पंडितांनी पुढे पोरांच्या पोशाखात वर्गकलहाचा प्रतीकात्मक प्रतिकार वाचला. विजारीच्या इस्त्रीतून इतका अर्थ निघावा, याचे प्रस्तुत लेखकास नवल वाटते. स्टॅन्ली कोहेन यांनीही १९८० च्या आवृत्तीत या अतिवाचनास हटकले. परंतु त्याच केंद्रातून अँजेला मॅक्‌रॉबी व जेनी गार्बर यांनी एक साधा प्रश्न टाकला होता, आणि तो सर्वच भाष्यकारांस अडचणीचा होता: या साऱ्या लिखाणात मुली कोठे आहेत?