पट्ट्याची तारीख

"बाई, या सनावळ्या पाठ करून उपयोग काय?" इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न आयुष्यभर पुरतो. चिंचवडच्या एका शाळेत मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. वर्गातली निम्मीशिम्मी मुलं कारखान्यांत काम करणाऱ्यांची. डबा, भोंगा, पहिली पाळी, दुसरी पाळी यांत वाढलेली. त्यांना शिवाजीमहाराज आवडायचे, सन मात्र नकोसा वाटायचा. या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर कुठल्या ग्रंथात मिळालं नाही. ते मोटारीच्या इंजिनात मिळालं.

त्या उत्तराचं नाव टायमिंग बेल्ट. आमच्याकडे त्याला नुसतं 'पट्टा' म्हणतात.

मी बी.ए. मराठी माध्यमातून झालेली. यंत्रातलं मला जे कळतं ते घरात ऐकून आणि पाहून. आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. तेव्हा समजलं तसं सांगते, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. इंजिनाच्या खालच्या अंगाला क्रँक असतो, तो पिस्टनच्या खालीवर होण्याने फिरतो. वरच्या अंगाला कॅम असतो, तो वॉल्व्हची झाकणं उघडतो आणि मिटू देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक व्हायला हवा. दिंडीत टाळ आणि मृदंग यांचा मेळ लागतो ना, तसाच. मृदंग चुकला तर अभंग बिघडेल इतकंच. इथे मेळ चुकला तर वर येणारा पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंजिनात आत जागाच इतकी थोडी, की वॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. हा मेळ राखतो तो पट्टा.

पूर्वी हे काम दातेरी चाकं किंवा साखळी करत असे. आपल्या अँबॅसेडरमध्ये आणि फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीमध्ये, साखळीच होती. साखळी तेलात भिजत फिरते, वर्षानुवर्षं टिकते, आणि झिजली की सैल पडून खळखळ वाजू लागते. जुने मिस्त्री बॉनेटला कान लावून सांगायचे, "साखळी बोलायला लागली, काका." आकुर्डीच्या चेतकला (ती १९७२ ची) हा प्रश्नच नव्हता. टू-स्ट्रोक इंजिनाला असे वॉल्व्हच नसतात. आमच्या भागातल्या किती घरांचा इंजिनाशी पहिला परिचय त्या स्कूटरवर झाला! प्लग साफ करायचा, किक मारायची, कामावर जायचं.

दातेरी रबरी पट्टा मुळात मोटारीसाठी जन्मलाच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर नावाच्या कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी तो केला, तो सिंगरच्या शिलाई यंत्रासाठी. वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ राहावा म्हणून. हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली. घरातल्या बायकांच्या मशीनमधली युक्ती पुरुषांच्या मोटारीत गेली! मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारींत ती पहिल्यांदा आली जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या '१००४' गाडीत, १९६२ साली. १९६६ मध्ये इटलीच्या फियाटने '१२४ स्पोर्ट'मध्ये लाम्प्रेदी यांनी रचलेल्या इंजिनाला पट्टा लावला. पट्टा स्वस्त, हलका, त्याला तेल लागत नाही आणि तो वाजत नाही. आत काचतंतूंच्या दोऱ्या, वर रबर. पाहता पाहता तो जगभर पसरला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती पट्टा घेऊनच.

आणि मग तो आमच्या गावात तयार होणाऱ्या गाडीत आला. हे 'आमचं गाव' कसं घडलं ते थोडक्यात सांगते, कारण पुढच्या गोष्टीला त्याचा आधार आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याच्या कामाला सुरुवात केली. कामगार आले, त्यांना राहायला जागा हवी, म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं. निगडीला प्लॉट मिळाले, त्यावर बैठी घरं झाली, घरापुढे गाडी उभी राहील एवढं अंगण आलं. डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने इंडिका बाजारात आणली. तिची जुळणी करणारी लाइन ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून सोडवून, जहाजाने आणून इथे पुन्हा उभारलेली होती. १.४ लिटरच्या त्या डिझेल इंजिनाला पट्टा होता.

म्हणजे पाहा, ज्यांच्या हातून गाडी घडत होती त्यांच्याच अंगणात ती संध्याकाळी उभी राहू लागली. आयटीआय केलेले, ॲप्रेंटिस म्हणून हात तयार झालेले हे लोक. गुरुवारी आमच्याकडे वीज जायची आणि बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी गल्लीत कुणा ना कुणाचं बॉनेट वर असायचंच.

पट्टा बदलणं हे अंगणातल्या कामांतलं सर्वांत गंभीर काम. आधी बॅटरीची तार काढायची. गाडी जॅकवर उचलून खाली घोडी लावायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक काढायचं, इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा देऊन आधार द्यायचा, मग माउंटिंग, पुली, कव्हर. क्रँक आणि कॅमवरच्या खुणा जुळवायच्या. डिझेलच्या जुन्या इंजिनांत बहुधा इंधनपंपही त्याच पट्ट्यावर असतो, म्हणून तिसरी खूणही जुळवायची. टेन्शनर ढिला करून जुना पट्टा काढला की नवा बसेपर्यंत कशालाही धक्का लावायचा नाही. तेव्हा आमचे हे शेजारच्या पोरांना सुद्धा अंगणात येऊ देत नसत. नवा पट्टा बसवून ताण दिला की चावी फिरवायची नाही. पान्याने, हाताने, इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहायचं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. "हाताने फिरवताना अडलं तर सांगतं ते. चावीने फिरवलं तर तोडतं," असं ते म्हणत. टेन्शनर आणि पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप त्याच वेळी बदलायचा, कारण इतकं सगळं पुन्हा कोण उघडणार?

हे झालं की शेवटची पायरी. ती मला सर्वांत आवडायची. पांढऱ्या रंगाने बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहायचे. वहीतही तेच. कारखान्याची सवय, दुसरं काय! पण या सवयीमागे कारण आहे. साखळी म्हातारी झाली की वाजते. पट्टा वाजत नाही. कव्हरच्या आत तो निमूट फिरत राहतो. बाहेरून तर दिसतच नाही, आणि कव्हर काढून पाहिलं तरी पुष्कळदा चांगला दिसतो. गाडी कमी चालली तरी रबराला वय होतं, म्हणून किलोमीटरसोबत वर्षंही मोजायची. एके दिवशी तो दात सोडतो किंवा तुटतो, आणि तोपर्यंत काहीच सांगत नाही. साखळीची प्रकृती कानाला कळते. पट्ट्याची फक्त तारखेवरून कळते.

माझ्या एका विद्यार्थ्याला हे फार महागात पडलं. कर्ज काढून त्याने जुनी डिझेल गाडी घेतली आणि भाड्याने चालवू लागला. कुठल्या कंपनीची होती हे महत्त्वाचं नाही, कुठलीही असती तरी तेच झालं असतं. जुन्या हायवेवर कामशेतच्या पुढे पट्टा तुटला. वॉल्व्ह वाकले, हेड खाली आलं, गाडी कित्येक आठवडे बसून राहिली आणि हप्ते मात्र चालू राहिले. गाडी त्याच्याआधी तिघांकडे फिरलेली. पहिल्या मालकाने पट्टा बदलला होता का, केव्हा, हे दुसऱ्याला कळलं नाही. दुसऱ्याचं तिसऱ्याला नाही. कुणी फसवलं असं नाही. गाडी पुढे गेली, कागदपत्रं गेली, चावी गेली. तारीख तेवढी मागे राहिली. घरी येऊन तो मला म्हणाला, "बाई, एक सन माहीत असता तर वाचलो असतो." त्याला हसू आलं होतं की रडू, मला सांगता येणार नाही.

सनावळ्यांचा उपयोग तो हा. काही गोष्टी आपलं वय चेहऱ्यावर दाखवतात, काही दाखवत नाहीत. पूल, धरणं, घराघरांतली माणसंसुद्धा निमूटपणे काम करत राहतात. वरून सगळं ठीक दिसतं. अशांच्या बाबतीत आधी काय, केव्हा झालं हे माहीत असणं हाच काय तो इशारा असतो.

आता काळ बदलला. २००८ मध्ये आलेल्या इंडिका व्हिस्टाच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात पट्टा जाऊन पुन्हा साखळी आली. इंडिका २०१८ मध्ये बंदच झाली. आकुर्डीत स्कूटरचं उत्पादन थांबून बरीच वर्षं गेली होती, तिथे २०२२ पासून विजेवरची चेतक तयार होऊ लागली. वॉल्व्ह नसलेल्या गाडीपासून निघून आम्ही पुन्हा वॉल्व्ह नसलेल्या गाडीपाशी आलो म्हणायचं! पण तिची बॅटरीही न वाजता म्हातारी होते, तेव्हा वही टाकून देऊ नका.

मोशीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने नुकतीच जुनी डिझेल गाडी घेतली आहे. पट्टा घरी बदलता येईल का, असं तो विचारतो. यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण खुर्चीत बसून सांगायची तयारी आहे. "आधीचा पट्टा केव्हाचा?" असं त्यांनी विचारलं, तर भाच्याला माहीत नाही. तेव्हा यांचा नियम असा: तारीख माहीत नसेल तर ती उलटून गेली असंच समजायचं आणि गाडी चालवायची नाही.

पुढच्या रविवारी काम आहे. पांढरा रंग आणि ब्रश मी काढून ठेवला आहे.