धावेपासून रेडियलपर्यंत : हिंगणा परिसरातील टायरनिवड

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या काळ्या जमिनीतून कापूस वाहणाऱ्या बंडीला, म्हणजे विदर्भातील बैलगाडीला, रबर मिळण्यापूर्वी तिच्या लाकडी चाकांवर लोखंडाची धाव चढवलेली असे. धाव म्हणजे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेले लोखंडी कडे. ते गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवून, प्रसरण पावताच सांडशीने चाकावर बसवीत आणि लगेच त्यावर पाणी ओतीत, त्यामुळे आक्रसणारे लोखंड लाकडाला करकचून आवळून धरी. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली की चाक पाण्यात भिजवीत किंवा धाव कापून पुन्हा जोडीत. चांगली धाव ती, जी अनेक हंगाम टिकते. हाच निकष पुढे रबरी टायरलाही जसाच्या तसा लावला गेला आणि तो रस्ते बदलले तरी बदलला नाही.

बंगालमधील साहागंज येथे 1936 मध्ये डनलॉपचा कारखाना सुरू झाल्यानंतर भारतातच टायर तयार होऊ लागले; 1958 मध्ये मुंबईत सिएटची स्थापना झाली. बैलगाडीसाठीही टायरचा वेगळा प्रकार निघाला, तरी अनेक गाड्या मोटारींचे जुने आस आणि उतरवलेले टायर यांवरच चालल्या. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे हिंगणा मार्गावर औद्योगिक वसाहत वाढली, तसा मालट्रकांचा राबता वाढून टायर ही वाहतूकदाराच्या रोजच्या हिशेबातील बाब बनली.

ट्रकचालक ज्याला ‘नायलॉन’ म्हणत आले, त्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदतात. त्याची जाड बाजू खड्डे आणि क्षमतेबाहेरचा भार सोसते, पण थर परस्परांवर घासल्याने तो लवकर तापतो. रेडियलमध्ये हे धागे टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे सरळ जातात आणि त्यांवर पोलादी पट्टा असतो. म्हणून तो कमी तापतो, सावकाश झिजतो व इंधन वाचवतो. मिशेलिनने 1946 मध्ये त्याचे पेटंट घेतले, भारतात जेके टायरने 1977 मध्ये तो आणला, तरी ट्रकमालक दीर्घकाळ नायलॉनवरच राहिले. हा निव्वळ जुनाटपणा नव्हता. जास्तीचा माल भरण्यावर धंदा चालत असताना आणि रस्ते खराब असताना ती निवड व्यवहाराला धरून होती. कारमध्ये रेडियल आधी रुळला. ट्रकमध्ये तो महामार्ग सुधारले तसा पसरला. झिजलेल्या टायरच्या शाबूत सांगाड्यावर नवा थर चढवून घेण्याची, म्हणजे ‘रिमोल्ड’ करण्याची, पद्धतही याच काटकसरीतून रुजली. असा टायर पुढच्या चाकांना न लावता मागच्या जोडचाकांना लावण्याचा शहाणपणा जाणते वाहतूकदार पाळत आले आहेत.

11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. त्याचा आरंभबिंदू शिवमडका हिंगणा तालुक्यातच आहे. काँक्रीटच्या या रस्त्यावर कारला ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या विदर्भाच्या उन्हाळ्यात, हवा कमी असलेला टायर इतक्या वेगात सतत दबत-फुगत राहतो, आतून तापतो आणि थर सुटून फुटू शकतो. गावाच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे निभावलेला टायर येथे जिवावर बेततो. 2023 मध्ये परिवहन विभागाने या महामार्गावर टायरची तपासणी करून गुळगुळीत टायरची वाहने परत पाठवण्यास सुरुवात केली, ती सर्वथा योग्यच होती.

त्यामुळे टायर बदलताना आता किती किलोमीटर चालेल, एवढेच विचारून भागत नाही. बाजूवरील 165/80 R14 85T ही खूण पाहिली तर रुंदी 165 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रचना रेडियल आणि रिम 14 इंचांची असते. 85 म्हणजे 515 किलोचा भार, तर टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरची वेगमर्यादा. निर्मितीची तारीख चार अंकांत असते: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. खाचांच्या तळाशी असलेले 1.6 मिलिमीटर उंचीचे रबरी उंचवटे पृष्ठभागाच्या बरोबरीला आले की टायर उतरवण्याची वेळ झालेली असते, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो.