म्हाताऱ्या ताऱ्यांची उसनी तरुणाई

इतिहास वाचताना मला एक प्रश्न नेहमी पडतो. दोन कागद परस्परविरुद्ध बोलू लागले तर खरा कुठला मानायचा? २०१५ साली हाच पेच खगोलशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

ताऱ्याच्या वयाचे दोन पुरावे. पहिला वस्तुमान. जड तारा इंधन भराभर जाळून लवकर संपतो. तो अजून शिल्लक असेल तर तरुणच. दुसरा रसायनांचा. आकाशगंगेत मॅग्नेशियम अजस्र ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर तयार झाले, लोह बरेचसे मागाहून आले. म्हणून लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त, तर तारा जुन्या पिढीतला.

केप्लर दुर्बिणीने ताऱ्यांची थरथर टिपली, त्यावरून वस्तुमान कळले. अपोजी सर्वेक्षणाने रसायने मोजली. मारी मार्तिग यांच्या गटाला १४ तांबडे राक्षसी तारे असे सापडले, की वस्तुमान सांगते वय ६ अब्ज वर्षांहून कमी, आणि रसायने सांगतात म्हातारपण! ते खरेच तरुण असते तर आकाशगंगेचा इतिहास नव्याने लिहावा लागला असता.

उलगड्याचा धागा जुनाच होता. १९५३ साली ॲलन सँडेज यांना एम३ तारकागुच्छात वयाला न शोभणारे निळे तारे दिसले होते. १९६४ साली विल्यम मॅक्रे यांनी सुचवले, की जोडीतला एक तारा दुसऱ्याचे द्रव्य ओढून जड होतो. २०१६ साली पाउला होफ्रे यांच्या गटाला या ‘तरुणां’पैकी अनेकांना जोडीदार असल्याच्या खुणा मिळाल्या.

म्हणजे बहुतेक तारे म्हातारेच. वजन तेवढे उसने. मला वाटते, कागद दोन्ही खरे होते. वस्तुमानाचा कागद मात्र जन्माचा नव्हता, नंतरच्या व्यवहाराचा होता.