टेड लिंडसे : हिशेब मागणारा फॉरवर्ड

१९५०च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे ६ संघ होते. करारातल्या कलमामुळे खेळाडू मालकाला बांधलेला असे. परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची सोयच नव्हती. मालकाशी बिनसले, की रवानगी दुय्यम लीगमध्ये.

अशा काळात आइस हॉकीच्या सर्वोत्तम लेफ्ट विंगांमध्ये (डाव्या बाजूच्या आक्रमकांमध्ये) गणला गेलेला टेड लिंडसे डेट्रॉइट रेड विंग्जकडून खेळत होता. १९२५ साली कॅनडातल्या रेनफ्रू गावी जन्मलेल्या टेडचे वडील बर्ट हेही व्यावसायिक हॉकीपटू, गोलरक्षक होते. उंची जेमतेम ५ फूट ८ इंच, पण भल्याभल्यांना तो भिडे; 'टेरिबल टेड' हे नाव त्यातूनच पडले. सिड एबल, गॉर्डी हाऊ आणि लिंडसे या आक्रमक त्रिकुटाला मोटारकारखान्यांच्या या शहराने 'प्रॉडक्शन लाइन' म्हटले. १९४९-५०च्या मोसमात लीगमधल्या खेळाडूंच्या गुणतक्त्यात (गोल आणि असिस्ट मिळून) पहिली तीनही नावे त्यांचीच होती. लिंडसे ७८ गुणांसह अव्वल. १९५० ते १९५५ दरम्यान डेट्रॉइटने चार वेळा लीगचा विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकला.

खेळाडू पेन्शन निधीत दरवर्षी ९०० डॉलर भरत. त्या पैशाचे काय होते, हे लिंडसेने विचारले. हिशेब मिळाला नाही. मग त्याने माँट्रियलच्या डग हार्वीसारखे प्रतिस्पर्धी संघांतले खेळाडू गुपचूप एकत्र आणले. फेब्रुवारी १९५७मध्ये न्यूयॉर्कमध्ये खेळाडूंची संघटना जाहीर झाली. अध्यक्ष लिंडसे.

त्या मोसमात त्याने ३० गोल आणि ५५ असिस्ट अशी कारकिर्दीतली सर्वोच्च कमाई केली होती. तरीही जुलैमध्ये व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्सने त्याला तेव्हाच्या दुबळ्या शिकागो संघाकडे धाडले. नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या खेळाडूंनीच संघटनेतून अंग काढून घेतले. १९५८मध्ये तडजोड झाली: किमान वेतन ७,००० डॉलर ठरले, पेन्शन सुधारली, संघटना मात्र मोडली.

१९६०मध्ये निवृत्त झालेला लिंडसे चार वर्षांनी, ३९व्या वर्षी, एबलच्या प्रशिक्षणाखाली डेट्रॉइटकडून पुन्हा उतरला आणि संघ साखळीत पहिला आला. १९६६मध्ये हॉल ऑफ फेमने त्याची निवड केली. समारंभाला बायकामुलांना प्रवेश नाही म्हटल्यावर तो गेला नाही. १९६७मध्ये खेळाडूंची नवी संघटना उभी राहिली, ती टिकली. तिचे सभासद मोसमातला सर्वोत्तम खेळाडू मतदानाने निवडतात. त्या पुरस्काराला २०१०पासून टेड लिंडसेचे नाव आहे.