मस्टर कोणाच्या हाती?

कोल्हापुरात राजर्षी शाहूमहाराजांनी १९०६ साली कापडगिरणी काढली. गिरणी आली, तसे मस्टरही आले. कामगार कितीही कसबी असो, मस्टरवरून नाव कमी झाले की त्याला गिरणीचे दार बंद. त्याचे नशीब त्याच्या हाती नसे. ज्याच्या हाती मस्टर, त्याच्या हाती असे. संगणकाच्या इतिहासातही नेमके हेच घडले आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्यात फोल्डर म्हणजे पेटी नव्हे, मस्टर आहे. त्यात फाइलचे नाव आणि क्रमांक, एवढीच नोंद. फाइल काढणे म्हणजे ती नोंद खोडणे. म्हणून परवानगी पाहिली जाते ती फोल्डरची, फाइलची नव्हे.

हे मी ठेच लागून शिकलो. आमच्या कचेरीतील संगणकावर लिनक्स आहे. १९९१ साली सुरू झालेली, युनिक्सच्याच वळणाची प्रणाली. ग्रॅच्युइटीच्या दाव्यांची यादी मी ‘फक्त वाचण्यापुरती’ करून निर्धास्त झालो. फोल्डर मात्र सर्वांना लिहिण्यास खुला होता. एका उत्साही कार्यकर्त्याने साफसफाई केली आणि यादी गेली! कागदी प्रत होती म्हणून कामगारांचे दावे वाचले.

अख्खा फोल्डर काढायचा तर अट दुहेरी. आधी तो रिकामा हवा. त्यासाठी त्याच्यावरच लिहिण्याची व आत शिरण्याची परवानगी लागते. मग त्याचे नाव खोडायला तोच अधिकार बाहेरच्या फोल्डरवर लागतो. म्हणून आपल्या फोल्डरात दुसऱ्याचा भरलेला फोल्डर असला, तर घर आपले असूनही तो हलत नाही.

सामाईक फोल्डराचे काय? १९८६ साली बर्कलेच्या युनिक्सने ‘स्टिकी बिट’ या जुन्या खुणेला नवे काम दिले. ही खूण लावली की नोंद खोडू शकतो तो फाइलचा धनी, फोल्डरचा धनी किंवा सर्वाधिकारी. इतर कोणी नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मस्टर धरणाऱ्या हातावर अशीच काही बंधने घातली. ती मिळवायला कामगारांना लढावे लागले. तेव्हा आपला कागद सुरक्षित आहे का, एवढेच विचारून थांबू नका. ज्या मस्टरवर त्याचे नाव आहे, ते कोणाच्या हाती आहे, हे आधी विचारा.