डॉक्टर किती लागतील? हिशोब १९४६ चा, वाट आजही बघतोय

मंडळी, 'डॉक्टर कमी आहेत' ही ओरड आजची नाही. १९४३ मध्ये इंग्रज सरकारने सर जोसेफ भोर यांची समिती नेमली. १९४६ च्या अहवालात तिने गणित मांडलं: देशात साधारण ६ हजार लोकांमागे एक डॉक्टर आहे, १९७१ पर्यंत २ हजारांमागे एक हवा.

पण त्याच अहवालाने एलएमपी हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करायला सांगितला. काही सदस्यांचा विरोध होता. आपल्या भागासाठी हे शिक्षण नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये १९१४ पासून मिळायचं. १९४७ मध्ये तिथं मेडिकल कॉलेज झालं. पदवी मोठी झाली, पण ती घेऊन खेड्यात कोण बसणार, हे गणितात नव्हतंच. अकोल्यात मेडिकल कॉलेज यायला तर २००२ उजाडलं.

आजचा निकष ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे. कागदावर ठीक. पण राज्याच्या सरासरीत पुण्यातला डॉक्टर तेल्हाऱ्याच्याही वाट्याला धरला जातो. रात्री लेकराला ताप चढला की सरासरी धावून येत नाही. तेव्हा ऐकू येतं, "अकोल्याले न्या."

म्हणून मागणी एकच: मंजूर पदं किती, भरलेली किती, हजर किती, हे दरवर्षी तालुकावार जाहीर करा. बोला, पटतं का?